बावीस म्हशींची वीज

अनवरीभाभीला एखादी गोष्ट जमणार नाही असं सांगायचं असेल, तर ते तिच्या तोंडावर सांगू नये. चिठ्ठी पाठवावी, नाहीतर गाव सोडून जाताना सांगावं. सारोळवाडीत हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. तरी वर्षाकाठी कुणीतरी विसरतो, आणि मग त्याची जी काय शोभा व्हायची ती चारचौघांत होते.

लासलगावहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून तिचा गोठा आहे. बावीस म्हशी, दूध थंड करायची एक टाकी, मागे कडब्याची गंजी आणि बाजूला जमिनीत बांधलेला विटांचा गोल हौद. हौदावर जाड काळ्या रबराचा फुगा. हल्ली लोक रस्त्यावर गाड्या थांबवून विचारतात, हे काय आहे? ती म्हणते, "माझं वीजघर." पंचावन्न वर्षांची, पायात प्लास्टिकचे बूट, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, हातात शेणाचं घमेलं, आणि वीजघर! पाहुणा हसतो. ती हसत नाही. ती त्याला आत नेऊन बटण दाबून दाखवते.

ती मूळची मालेगावची. वडिलांचे चार यंत्रमाग होते. करंट गेला की अख्ख्या गल्लीचा खडखडाट एका क्षणात बंद पडायचा आणि बाप दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायचा. तास, दोन तास, कधी पूर्ण दिवस. आपल्या घरची चूल दुसऱ्याच्या हातातल्या खटक्यावर पेटते, हे अनवरीनं सातव्या-आठव्या वर्षी पाहिलं. तिला तेव्हापासूनच ते पटलेलं नाही.

लग्न होऊन सारोळवाडीला आली तेव्हा घरात दोन म्हशी होत्या आणि तिला एकीचंही दूध काढता येत नव्हतं. नवरा मुझफ्फर मनमाडला रेल्वेत फिटर. सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवेलागणीला परत. पहिल्या आठवड्यात म्हशीनं तिची बादली तीनदा उडवली. तिनं म्हशीला मालेगावी शिव्या दिल्या, म्हशीनं त्या शांतपणे ऐकून घेतल्या, आणि तिथून दोघींचं जमलं. पुढच्या तीस वर्षांत दोनाच्या बावीस झाल्या. मुलगी इन्शा शिकली, लग्न करून नाशिकला इंदिरानगरात गेली. विठाबाई नावाची गावातलीच एक बाई गोठ्यात मदतीला आली, ती घरचीच झाली. इथवर सगळं सुरळीत होतं.

मग तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळला. दोन दिवस वीज नाही. टाकीतलं दोनशे लिटर दूध नासलं. संकलनाच्या गाडीवाल्यानं झाकण उघडलं, नाक लावलं आणि झाकण परत बसवलं. दुसरी एखादी बाई रडली असती. अनवरीनं ते दूध कॅनमध्ये भरलं, टेम्पोत चढवलं आणि थेट वीज कार्यालयात नेऊन साहेबाच्या टेबलासमोर ओळीनं मांडलं.

"दोनशे लिटर हाय, साहेब," ती म्हणाली. "दही लावा नायतर आंघोळ करा."

साहेब दचकला. पण साहेबच तो, लगेच सावरला. "मावशी, हे काही आमच्या हातात नसतं. सगळं वरून असतं."

"वर अल्ला हाय. त्यानं काय तुमचा ट्रान्सफॉर्मर जाळला नाय."

कचेरीतले लोक हसले. साहेबाला ते झोंबलं. तो म्हणाला, "एवढा राग असेल तर स्वतःची वीज तयार करा की! म्हशी आहेत ना भरपूर?"

त्याला वाटलं, टोमणा मारला. बिचाऱ्याला माणूस ओळखता आला नाही. अनवरी घरी आली आणि नुकताच निवृत्त होऊन आरामखुर्चीत बसायला शिकत असलेल्या मुझफ्फरला तिनं विचारलं, "क्यों जी, शेणापासून करंट होतो का?"

होतो. चांदवडच्या बाजूला रहेमान नावाचा एक दूधवाला होता, त्याच्याकडे होत होता. दोघं जाऊन पाहून आले. शेण आणि पाणी सारखं कालवून हौदात सोडायचं. आत हवा जात नाही. त्या अंधारात डोळ्यांना न दिसणारे जंतू शेण खातात आणि गॅस सोडतात. तो गॅस फुग्यात साठतो आणि इंजिनात जळतो, इंजिन जनित्र फिरवतं. मुझफ्फरनं एक जुनं डिझेलचं इंजिन आणून त्याला गॅसवर चालायला शिकवलं. गॅसातला कुजका, इंजिन खाणारा वायू मारायला त्यानं मनमाडच्या लेथवाल्यांकडून लोखंडाचा कीस पोत्यानं आणला आणि गॅस त्यातून गाळून घेतला. सहा महिने नवरा-बायको भांडत होते आणि बांधत होते. ज्या दिवशी दूधटाकीची मोटर शेणाच्या विजेवर फिरली त्या दिवशी अनवरीनं वीज कार्यालयात फोन लावला आणि त्या साहेबाला फक्त मोटरीचा आवाज ऐकवला.

आता यात गावाला वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण होतं. अनवरीच्या गोठ्याचं शेण तीस वर्षं गावाचं होतं. सारवायला, गोवऱ्यांना, परसातल्या भाजीला, ज्याला हवं त्यानं पाटी घेऊन यावं आणि भरून न्यावी. आणि धोंडीराम आण्णांनी तर दरवर्षी छाटणीच्या आधी दोन ट्रॉल्या न्याव्यात, बदल्यात मक्याचा चारा पाठवावा, असा रिवाज होता. आण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, द्राक्षाची बाग, पांढरी टोपी, सरपंच कुणीही असला तरी शब्द यांचाच चालायचा. आता शेण हौदात जायला लागलं. अनवरीनं त्यांना हौदातून बाहेर पडणारी मळी देऊ केली. खत म्हणून ती शेणाहून सरस, असं रहेमाननं सांगितलं होतं आणि तिनं म्हशींसाठी लावलेल्या लसूणघासावर टाकून पाहिलंही होतं.

आण्णा म्हणाले, "सत्त्व समदं तुझ्या दिव्यानं खाल्लं. मला चोथा देती व्हय?"

"आण्णा, वीज शेणातला गॅस घेती. खताचं बळ तसंच ऱ्हातं. एका ओळीला टाकून तर बघा."

"माझ्या बागंवर तुझे खेळ नको."

त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. तो फुगा म्हणजे बॉम्ब आहे. शाळा चारशे पावलांवर आहे. वासानं लोक आजारी पडतात. बावीस म्हशींच्या गोठ्याला तीस वर्षांत कधी वास आला नव्हता, तो हौद बांधल्यावर आला! शेवटी ग्रामसभेत विषय निघाला आणि ठराव झाला. जिल्ह्याच्या कार्यालयातून इंजिनिअर बाई येतील. त्यांच्यासमोर आणि गावासमोर यंत्रानं दूधटाकी एक तास चालवून दाखवायची, गॅस कुठं गळत नाही हे दाखवायचं. जमलं तर ठीक. नाही जमलं तर हौद मुरूम टाकून बुजवायचा. अनवरीनं उभं राहून सांगितलं, "मंजूर. या शुक्रवारी."

आणि इथं ती एक चूक करून बसली. तपासणीच्या आधी तीन दिवस नाशिकला गेली. इन्शाला बाळ झालं होतं, जाणं भाग होतं. गोठा विठाबाईच्या हवाली केला.

आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की माणसांच्या अंगात काय संचारतं ते सांगायला नको. शाळेला चुना लागतो, दवाखान्याच्या पायऱ्या धुतल्या जातात, रस्त्याच्या कडेला पांढरी पावडर पडते आणि जिथं तिथं फिनेल ओतलं जातं. वास यायला हवा, म्हणजे साहेबाला कळतं की आपल्यासाठी केलंय. विठाबाईनं आयुष्यभर हेच पाहिलेलं. तिला वाटलं, भाभीच्या इज्जतीचा प्रश्न आहे. तिनं फिनेलचे दोन मोठे कॅन आणले आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गोठ्याची फरशी घासून घासून धुतली. गोठ्याची मोरी थेट हौदात उतरते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

गुरुवारी दुपारी अनवरी परत आली तर रस्त्यापासूनच दवाखान्यासारखा वास. विठाबाई दारात उभी, चेहरा उजळलेला. "भाभी, बघा कसा चकाचक केला! आता बघू म्हनावं कुनाला वास येतो!"

अनवरीनं हौदाकडे पाहिलं. फुगा एका अंगाला कलंडून पडला होता. मुझफ्फर शेजारी उकिडवा बसला होता, त्यानं मान हलवली. कालपासून गॅस बसत चाललाय, का ते कळत नाही, असं तो म्हणाला. मोरीचं त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं, तिला वासावरून कळलं. जंतू मेले होते. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ती विठाबाईवर ओरडणारच होती, तेवढ्यात तिला विठाबाईचे हात दिसले. फिनेलनं बोटांची सालटं निघाली होती. अनवरीनं तोंड मिटलं, आत गेली, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि तिच्या हातात दिली. मग काय झालं ते तिला सांगितलं.

संध्याकाळी मुझफ्फरनं हळूच विषय काढला. "मागच्या शेडात डिझेलचं इंजिन ठेवतो. वायर आतून घेतो. आवाज सेम येतो. ती इंजिनिअर पोरगी नाशिकची, तिला काय समजणार? एक तासाचा तर सवाल हाय."

"आणि परवापासून?"

"परवाचं परवा बघू."

"नाय," अनवरी म्हणाली. "मी हा हौद बांधला तो कशाला? त्या साहेबानं मला येड्यात काढलं म्हनून. आता मी गावाला येड्यात काढू? हौद बुजला तर बुजू दे. खोट्या करंटवर माझी टाकी चालनार नाय."

मुझफ्फर रेल्वेचा माणूस, लाल दिवा दिसला की थांबायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं. त्यानं डिझेलचा विषय तिथंच सोडला.

शुक्रवारी अर्धं गाव गोठ्यासमोर जमलं. इंजिनिअर बाई आल्या. स्नेहल त्यांचं नाव, तिशीतल्या, खांद्याला पिशवी आणि डोळ्याला चष्मा. सरपंच सोमनाथ, धोंडीराम आण्णा, झाडून सगळे हजर. अनवरी पुढे झाली आणि कुणी काही विचारायच्या आत बोलली.

"आज चालनार नाय. हौदात फिनेल गेलं. जंतू मेले. मला पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवसांनी चालंल."

मग आण्णा हसले. "फिनेलनं वीज मरती? अगं, काय तरी पटंल असं सांग!" लोकही हसले.

"मरते," स्नेहल म्हणाली. "फिनेल जंतू मारायलाच असतं. वीज त्या जंतूंच्या जिवावर चालते. यांचं बरोबर आहे."

हसणं थांबलं. पण आण्णा थांबणारे नव्हते. "मग फिनेल ओतलं कुनी? नाव तर सांग. का आता माझ्यावर घालती?"

गर्दीच्या मागे विठाबाई उभी होती, पदराचं टोक तोंडात कोंबून. अनवरीनं तिच्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

"माझ्या गोठ्यात जे होतं ते मी केलेलं असतं," ती म्हणाली. "चूक माझी. पन मी माफी मागायला उभी नाय. मुदत सांगायला उभी हाय. पंधरा दिवस."

सरपंचानं आण्णांकडे पाहिलं, मग स्नेहलकडे, मग नाइलाजानं मान डोलावली. आण्णा जाताना म्हणाले, "पंधराव्या दिवशी मुरमाची ट्रॉली माझ्या पदरची आनतो. गावाला तोशीस नको."

"भरून ठेवा, आण्णा," अनवरी म्हणाली.

ते पंधरा दिवस तिनं कसे काढले हे तिलाच ठाऊक. अर्धा हौद उपसून पडीक तुकड्यातल्या खड्ड्यात टाकला. रहेमानच्या हौदातली जिवंत मळी निळ्या ड्रमांमधून टेम्पोनं आणली, रोज सहा ड्रम. दुधाचे कॅन रिकामे पडले होते, त्यातून आणा असं मुझफ्फर म्हणाला तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो शब्द पुन्हा काढला नाही. विठाबाई दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी अनवरी तिच्या दारात गेली. "चल. तुझ्याबिगर मोठी म्हैस पान्हा सोडत नाय. तिला काय सांगू, विठाबाईला लाज वाटती म्हनून?" विठाबाई आली. रडत आली, पण आली, आणि मोरीवर फळी ठोकून तिचं पाणी स्वतःच्या हातानं दुसरीकडे वळवलं.

पाचव्या दिवशी फुगा जरा उचलला. मुझफ्फरनं नळीशी काडी धरली तर गॅसनं काडीच विझवली. सातव्या दिवशी तेच. पहिला गॅस पेटत नसतो, रहेमाननं फोनवर समजावलं, दम धरा. अनवरीला दम धरणं कधी जमलेलं नाही. ती दिवसातून दहादा जाऊन फुग्याला हात लावून पाहायची, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. तिला भीती वाटत होती. ती भीती तिनं एकट्या मुझफ्फरला सांगितली. हौद बुजला तर पुन्हा त्या साहेबाच्या खटक्यावर जगावं लागेल, आणि ते मला जमणार नाही, असं म्हणाली. अकराव्या दिवशी काडी धरल्यावर जाळ झाला. निळा, सरळ, न फडफडणारा.

पंधराव्या दिवशी सकाळी दहाला गाव पुन्हा जमलं. धोंडीराम आण्णा शब्दाला जागले. ट्रॅक्टर पुढे, मुरमानं शिगोशीग भरलेली ट्रॉली मागे, आणि आण्णा स्वतः ड्रायव्हरच्या बाजूला बसलेले. ट्रॅक्टर हौदापासून दहा पावलांवर येऊन थांबला.

मुझफ्फरनं हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. दुसऱ्यांदा मारलं, तेच. कुणीतरी मागून शीळ घातली. तिसऱ्यांदा इंजिननं जो सूर धरला तो सोडलाच नाही. अनवरीनं बटण दाबलं. टाकीची मोटर फिरायला लागली. स्नेहलनं साबणाचा फेस करून एकेका सांध्याला लावला, कुठं बुडबुडा येतो का ते वाकून वाकून पाहिलं. एक तास लोक उन्हात उभे राहिले. एकही बुडबुडा आला नाही. टाकीतलं दूध थंड झालं. स्नेहलनं कागदावर लिहिलं, सही केली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. यंत्र चालू. गळती नाही.

सरपंच म्हणाला, "मग विषय मिटला."

"मिटला कसा?" आण्णा ट्रॅक्टरवरून उतरले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आज हिनं केलं, उद्या जो तो हौद बांधंल! मग गावात शेन कुनाला मिळायचं? बागांनी काय करायचं? बंदच करा म्हनतो मी!"

बोलून गेल्यावर त्यांनाच कळलं की काय बोललो. बॉम्ब गेला, शाळा गेली, वास गेला, शेण तेवढं उरलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. विठाबाई तर तोंडावरचा पदर काढून हसली.

अनवरी आण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "बांधंल, आण्णा. जो तो बांधंल. मी जाऊन जाऊन शिकवीन. ज्याच्या दारात दोन जनावरं हायती त्याला शिकवीन. तुमालाबी शिकवीन, आला तर. पन हा हौद बंद व्हनार नाय. तुम्ही सांगून नाय, आन गावानं सांगूनबी नाय."

मागे मोटर चालूच होती. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर भिकन केव्हाचा कंटाळला होता. त्याला दुपारी लासलगावच्या बाजारात कांद्याची खेप होती. तो वरूनच ओरडला, "मुरमाचं काय करायचं? कुठं टाकू?"

आण्णा तोंड उघडणार तोच अनवरीनं हात केला. "इकडं घे. गोठ्याच्या दारात टाक."

भिकननं आण्णांकडे पाहिलं. आण्णा गावाकडे पाहत होते आणि गाव आण्णांकडे. त्यानं ट्रॉली मागे घेतली, दारात नेली आणि दांडा ओढला. आण्णांच्या पदरचा मुरूम धडाधड गोठ्याच्या दारात पडला. विठाबाईनं फावडं घेतलं, मुझफ्फरनं दुसरं घेतलं, आणि घटकाभरात दारातला चिखलाचा खड्डा बुजून सपाट झाला. अनवरीनं दावी सोडली. म्हशी एकेक करून त्यावरून पाण्यावर निघाल्या.

आण्णा वळून चालायला लागले होते. अनवरीनं मागून हाक दिली.

"आण्णा, पुढच्या खेपेला जरा बारीक आना. हा खुरांना टोचतो."